विधी स्वयंसेवकांची पहिली उजळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखपत्र मिळालं, सुरुवातीचं प्रशिक्षण झालं, आणि आता गावातली माणसं घरी येऊन अडचणी सांगू लागली. खरे प्रश्न इथून पुढे पडतात. विधी स्वयंसेवक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले पीएलव्ही (पॅरालीगल व्हॉलंटियर: वकील नसलेले, विधी सेवा प्राधिकरणासाठी काम करणारे मदतनीस), उजळणीच्या वर्गात जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मजकूर महाराष्ट्राचा आहे. गोव्यात काय वेगळं पडतं ते शेवटाकडे सांगितलं आहे.

कायदे तर एकदा शिकवले. मग उजळणी कशाची?

मुदत, कागद आणि आपली हद्द, या तीन गोष्टींची. आपल्याकडे येणाऱ्या माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा अपिलाचे दिवस उलटल्याने, अर्जाची पोच न घेतल्याने किंवा कोणीतरी "होऊन जाईल" असं सांगून त्याला घरी बसवल्याने. तुम्हाला कलम आठवलं नाही तर वकील सांगतील. गेलेला दिवस मात्र कोणीच परत आणून देत नाही.

दुसरं कारण म्हणजे कायदे बदलले. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे तिन्ही कायदे नवे आले. जुनी टिपणवही घेऊन बसणाऱ्याने निदान एवढे बदल त्यात करून घ्यावेत. पोटगीचं कलम १२५ आता १४४ झालं. एफआयआरचं १५४ आता १७३ आणि मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश मिळवण्याचं १५६(३) आता १७५(३) आहे. अटकेऐवजी द्यायच्या नोटिशीचं ४१अ आता ३५(३) आणि कच्च्या कैद्यांचं ४३६अ आता ४७९ आहे. ही सगळी कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली. सासरच्या छळाचं ४९८अ भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं, हे विसरू नका. पोलिसांनी जुनं कलम लावलं म्हणून ते चुकले, असं सांगत सुटलेले स्वयंसेवक आहेत. आधी घटनेची तारीख विचारा.

वकील आणि आपण यांच्यातली रेघ कुठे आहे?

वकिली फक्त सनद असलेल्या वकिलालाच करता येते. आपण कोर्टात कोणाच्या वतीने बोलत नाही, वकीलपत्रावर सही करत नाही, "दावा लावा" किंवा "तडजोड करू नका" असा सल्ला देत नाही. आपण ऐकतो, लिहून घेतो, कुठला दरवाजा ठोठवायचा ते सांगतो, अर्ज भरायला मदत करतो, सोबत जातो आणि पाठपुरावा ठेवतो.

रेघ प्रत्यक्षात पुसली जाते ती एका वाक्याने: "तुमची केस भक्कम आहे, तुम्हीच जिंकणार." हे वाक्य कधीही बोलू नका. त्यावर विसंबून माणूस चांगली तडजोड नाकारतो. पुढे निकाल विरुद्ध गेला की त्याचा विश्वास फक्त तुमच्यावरून नाही, विधी सेवेवरूनच उडतो. त्याऐवजी म्हणा, "तुमचं म्हणणं मी नीट लिहून घेतलं आहे. यात मुदतीचा प्रश्न आहे, म्हणून उद्याच वकिलांना भेटू."

मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागतोच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं उगाच परत पाठवली जातात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये पात्रतेची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत किंवा कारागृहात असलेले, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा जातीय अत्याचार यांसारख्या आपत्तीत सापडलेले, या सर्वांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीत न बसणाऱ्यांना. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे.

म्हणजे नवऱ्याचा पगार लाखभर असला तरी बायकोला मोफत वकील मिळतो. तिला तहसीलच्या खेपा घालायला लावू नका. ज्यांना मर्यादा लागू आहे त्यांच्याबाबतही, अविश्वासाचं कारण नसेल तर उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कलम १३ सांगतं. येताना आधार कार्ड, असतील ती कोर्टाची कागदपत्रं आणि आलेली नोटीस पाकिटासकट आणायला सांगा. ज्यांना येणंच जमत नाही त्यांना १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक द्या.

नोटिशीचं पाकीट कशाला?

त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. नोटीस कधी टाकली आणि कधी हाती पडली, हे त्यावरून ठरतं. लोक पाकीट चुलीत घालतात आणि आतला कागद जपून ठेवतात. पाकीट कागदाला टाचून ठेवायला शिकवा.

मुदत मोजायची कशी? प्रत्येक जण वेगळी तारीख सांगतो.

पहिला नियम असा की ज्या दिवशी घटना घडली, निकाल लागला किंवा नोटीस मिळाली, तो दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या दिवसाला १ म्हणायचं.

न वटलेल्या चेकचं उदाहरण घेऊ, कारण त्यात तीन मुदती एकामागून एक येतात. चेक तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत भरला पाहिजे. तो परत आला आणि बँकेचा मेमो (चेक वटला नाही असं कळवणारी चिठ्ठी) ५ मार्चला हातात पडला, असं धरू. इथून ३० दिवसांत मागणीची लेखी नोटीस गेली पाहिजे. ६ मार्च हा पहिला दिवस धरला की ३१ मार्चला २६ दिवस होतात, म्हणून शेवटचा दिवस ४ एप्रिल. समोरच्याला नोटीस १० एप्रिलला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत. पैसे आले नाहीत तर २६ एप्रिलला तक्रारीचं कारण घडतं. तिथून एक महिन्यात कोर्टात तक्रार, म्हणजे २६ मेपर्यंत.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, चेक परत आल्याच्या तारखेवरून मोजणं. मुदत मेमो मिळाल्यापासून चालते, म्हणून मेमो कधी हाती आला ते त्याच दिवशी त्यावर लिहून ठेवावं. दुसरा, १५ दिवस संपायच्या आत घाईने तक्रार दाखल करणं. ती तक्रार वेळेआधीची म्हणून टिकत नाही. तिसरा, महिना म्हणजे ३० दिवस असं धरणं. कायद्यात तिथे महिना म्हटलं आहे, तो कॅलेंडरचा महिना. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवलं तर कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीला झालेला उशीर माफ होत नाही. म्हणून चेकचं प्रकरण घेऊन कोणी आलं, की नावाच्याही आधी मेमोची तारीख विचारा आणि त्याच दिवशी वकिलाशी गाठ घालून द्या.

दिवाणी अपिलात वेगळी गंमत नाही, वेगळा धोका आहे. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळले जातात, हे लोकांना अर्धवट माहीत असतं. वगळले जातात ते नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच दिवस. निकाल १ जुलैला लागला, नकलेचा अर्ज १० जुलैला दिला, नक्कल २५ जुलैला तयार झाली आणि माणूस ती न्यायला ३१ जुलैला गेला, तर अर्जाआधीचे दिवस आणि २५ नंतरचे दिवस त्याच्या खात्यात मोजले जातात. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी, नकलेचा अर्ज. अपील करायचं की नाही ते नंतर ठरवता येतं.

लोकांचे अर्ज आम्हीच लिहून देतो. तरी कार्यालयातून उत्तर येत नाही. काय चुकतं?

बहुतेक अर्ज असे असतात:

"विषय: न्याय मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की मी गरीब असून माझ्यावर फार अन्याय झालेला आहे. तरी योग्य ती कारवाई करून मला न्याय मिळावा."

या अर्जात कारकुनाला करण्यासारखं काहीच नाही. कोणी, कधी, कुठे, काय केलं आणि आता नेमकं काय हवं, यातलं एकही उत्तर त्यात नाही. तोच अर्ज असा होतो:

"विषय: संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मार्चपासून बंद झाल्याबाबत. मला जानेवारी आणि फेब्रुवारीचं अनुदान खात्यात मिळालं. मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांचं मिळालं नाही. दि. ६ जून रोजी मी आपल्या कार्यालयात आले असता हयातीचा दाखला नसल्याचं तोंडी सांगण्यात आलं. दाखला सोबत जोडला आहे. थकीत तीन महिन्यांचं अनुदान जमा करावं. दाखला मान्य नसल्यास कारण लेखी कळवावं. सोबत: हयातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स."

एक अर्ज, एक विषय. तारखा क्रमाने. मागणी शेवटी आणि स्पष्ट. "कारण लेखी कळवावं" ही ओळ कधीही गाळू नका, कारण पुढचं अपील त्याच उत्तरावर उभं राहतं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता पोस्टातून पोच पाहिजे अशा पद्धतीने पाठवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजूनच पुढचं काम करावं लागतं.

पीडित बाईचा जबाब आम्ही थोडा नीट शब्दांत मांडला तर चालेल का?

नको. "वारंवार शारीरिक व मानसिक छळ केला" हे वाक्य शेकडो अर्जांत सापडतं आणि त्याचं वजन त्यामुळेच गेलं आहे. ती म्हणाली, "पोळपाट डोक्यात घातलं, त्या दिवशी आमावास्या होती, म्हणून आठवतं," तर तेच लिहा. आमावास्येवरून तारीख काढता येते, टाके पडले असतील तर दवाखान्याचा कागद मागता येतो. तिच्या तोंडी नसलेला शब्द अर्जात घातला, की उलटतपासणीत तिलाच त्याचा अर्थ विचारला जातो आणि ती अडखळते.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल नमुना १ मध्ये भरतात. मॅजिस्ट्रेटकडे कलम १२ खाली अर्ज जातो. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांच्या आतली असावी आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे तिला आधीच सांगा. म्हणूनच राहण्याचा आणि पोटगीचा अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागण्याबद्दल वकिलांशी बोलायला सांगा.

पोलीस ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणतात.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर हद्दीचा विचार न करता नोंदवता येते आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि कलम १७३ मध्ये आता ते लिहिलेलंच आहे. ऑनलाइन पाठवलेल्या खबरीवर ३ दिवसांत सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती न घेता ठाण्यातून निघू नका. नोंदवायला नकार दिला तर तीच खबर लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची. तरीही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून पोस्टाची पावती जपा.

कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात (लीगल एड क्लिनिकमध्ये) आमचं काम काय?

तिथल्या माणसाला आपल्या खटल्याची पुढची तारीख माहीत नसते, कधीकधी वकिलाचं नावही माहीत नसतं. म्हणून प्रत्येक कैद्यासाठी एक ओळ भरा: अटकेची तारीख, कलमं, आरोपपत्र दाखल झालं का, वकील कोण, जामीन झाला का, झाला असेल तर अजून आत का. या ओळीतून बहुतेक कामं निघतात.

जामीन होऊनही माणूस आत असेल तर ते प्रकरण सर्वांत आधी हाती घ्या. जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाला पाठवावी आणि ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. सचिव अशा वेळी विधी स्वयंसेवकालाच भेटायला पाठवू शकतात. कारण बहुधा साधं असतं: स्थानिक जामीनदार मिळत नाही, रक्कम झेपत नाही किंवा घरी निरोपच गेलेला नाही. घरच्यांना गाठणं हे तुमचं काम. महिनाभर जामिनाचा मुचलका (हजर राहण्याची लेखी हमी) भरता आला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, हे वकिलांच्या लक्षात आणून द्या.

कलम ४७९ खाली, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर अडते. ती १ जुलै २०२४ आधीच्या प्रकरणांनाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. म्हणून अटकेची तारीख अचूक लिहा.

बहिणीकडून हक्कसोड नोटरी करून घेतलं आहे. चालतं का?

जमिनीतला किंवा घरातला हिस्सा सोडण्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीने हिस्सा जात नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत असं नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

इथे आग्रहाने सांगायचं ते हे: "वारस लावायचे आहेत, इथे अंगठा दे," असं म्हणून बहिणींना निबंधक कार्यालयात नेलं जातं. वारसनोंद गावातल्या महसूल कार्यालयात होते, निबंधकाकडे नाही. निबंधकाकडे नेत असतील तर कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, एवढं प्रत्येक शिबिरात सांगा. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्याच्यासोबत फेरफाराची नक्कलही काढा, कारण नाव कधी आणि कशावरून गेलं ते फेरफारात कळतं.

दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागतो का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या स्टॅम्पवर होणारे व्यवहार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर गेले, तेव्हापासून हा गोंधळ वाढला. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

माहिती अधिकाराचा अर्ज परत का येतो?

महाराष्ट्रात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. "माझं काम का केलं नाही?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. "माझ्या दि. ६ जूनच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असं मागा. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

लोकअदालतीत तडजोड करून नंतर अपील करता येईल, असं सांगितलं तर?

चुकीचं सांगितलं असं होईल. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते, हा फायदा जरूर सांगा. पण सही करण्याआधी तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे तिन्ही त्यात हवं.

तारीख कळायला दर वेळी कोर्टात जायचं का?

नाही. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, झालेले आदेश दिसतात. हा क्रमांक पक्षकाराच्या फाइलीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

शिबिराचे फोटो ग्रुपवर टाकावेत का?

व्यासपीठाचे टाका. मदत मागायला आलेल्यांचे नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नाव न लिहिता गाव, शाळा किंवा वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख पटते. अर्जाचा फोटो "मार्गदर्शनासाठी" ग्रुपवर टाकणंही बंद करा. सचिवांना वैयक्तिक विचारा.

काम झाल्यावर कोणी खुशीने पैसे दिले तर?

घेऊ नका. चहाही शक्यतो त्यांच्या पैशाचा नको. मानधन प्राधिकरणाकडून मिळतं. त्यासाठी कामाच्या दिवसांची नोंदवही त्या त्या दिवशी भरा, महिनाअखेरीस आठवून भरलेली नोंद सही करणाऱ्याला पटत नाही.

गोव्याच्या हद्दीवरच्या गावांत काय लक्षात ठेवायचं?

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या कुटुंबांची मिळकत गोव्यात असते. तिथे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा असतो. लग्नानंतर साधारणपणे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते आणि वारसांतली वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने होते. महाराष्ट्रातली उत्तरं तिथे लावू नका, गोव्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा.

कॅनडातला भाचा स्वतःला पॅरालीगल म्हणवतो आणि कोर्टात उभा राहतो. ते कसं?

ऑंटारिओ प्रांतात पॅरालीगलला परवाना असतो. लहान दाव्यांच्या न्यायालयात तो बाजू मांडू शकतो, आणि त्याला दर वर्षी १२ तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. नाव एकच असलं तरी आपल्याकडची भूमिका वेगळी आहे.

वर्गाव्यतिरिक्त सराव कसा करायचा?

महिन्यातून एकदा नोंदवहीतलं एक जुनं प्रकरण काढा. त्यात पहिल्या भेटीची तारीख, मुदतीची तारीख आणि प्रत्यक्ष पाऊल पडल्याची तारीख एकाखाली एक लिहा. मधले दिवस कुठे गेले ते शोधा: वकील नेमायला, दाखल्याला, की आपल्या फोनची वाट बघण्यात. दोघांनी बसून केलं तर जास्त बरं. एकाने पक्षकार व्हायचं, दुसऱ्याने दहा मिनिटांत त्याचं म्हणणं एका पानावर उतरवायचं आणि ते पान तिसऱ्याला वाचायला द्यायचं. तिसऱ्याला एकही प्रश्न न विचारता पुढची पायरी सांगता आली, तर ते पान वकिलांकडे पाठवण्यासारखं झालं.